रोज पुसूनही तपासणी खोली पुन्हा पुन्हा अस्वच्छ का ठरते?

तक्रार एकच असते, तोंडं वेगवेगळी. डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, टेबलाला हात चिकटतोय." पेशंटबरोबर आलेल्या बाई पडद्यापाशी उभ्या राहून नाक मुरडतात. पाहणीला आलेले साहेब स्टुलाच्या खालून बोट फिरवतात आणि काळं झालेलं बोट आपल्यासमोर धरतात. इकडे मावशी शपथेवर सांगतात की सकाळी पुसलंय, संध्याकाळीही पुसलंय. मावशी खोटं बोलत नसतात. पुसलेलं असतंच. मग आरडाओरडा होतो, पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे ओपीडीच्या सहा तपासणी खोल्या आहेत. हा प्रश्न मी चार वेळा 'सोडवला' आणि चारही वेळा तो परत आला. पाचव्यांदा जरा वेगळ्या बाजूनं गेले, तेव्हा कुठे तो बराचसा जागेवर बसला. ऑपरेशन थिएटर किंवा आयसीयूबद्दल मी इथे बोलत नाही, त्यांचे नियम वेगळे आणि कडक असतात. ज्या खोलीत टेबल, स्टूल, पडदा, बेसिन, बीपीचं मशीन आणि कॉम्प्युटर आहे, आणि दर काही मिनिटांनी माणूस बदलतो, त्या खोलीबद्दल हे आहे.

आधी केलेले उपाय, जे टिकले नाहीत

पहिल्यांदा औषध बदललं. फिनेल होतं, त्याच्या जागी क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक आणलं, ज्याला कामावरचे लोक नुसतं 'क्वाट' म्हणतात. आठवडाभर खोल्या झकास, मग पुन्हा तेच. क्वाट जाऊन हायपो आलं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पुन्हा एक आठवडा झकास. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं की त्या आठवड्याचं श्रेय औषधाचं नव्हतं. नवीन बाटली आली म्हणून मी स्वतः दारात उभी राहत होते, एवढाच फरक होता.

वासानं तर आम्हाला फारच फसवलं. फिनेलचा वास आला की खोली पुसली गेली असं सगळेच धरून चालतात, मीही चालत होते. स्वच्छतेची सांगड वासाशी घालायची सवय जुनी आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूती विभागात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, ते शवविच्छेदनानंतर हाताला राहणारा वास त्यानं जातो म्हणून. अंदाज बरोबर निघाला, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. पण तिथे क्लोरिन हाताचा वास काढत होतं. आपण फिनेलनं खोलीला वास चढवतो, आणि खालचा मूळ वास तसाच राहतो.

दुसऱ्यांदा फेऱ्या वाढवल्या, दोनाच्या तीन. तिसऱ्यांदा दारामागे सहीचा तक्ता लावला. तक्ता महिनाभर अगदी आदर्श भरला गेला, सगळ्या सह्या एकाच पेनानं आणि बहुधा एकाच बैठकीत. चौथ्यांदा मी सगळ्यांवर रागावले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कुठे चुकतंय ते अंधारात दिसलं

अतिनील टॉर्चच्या उजेडात चमकणारी एक पारदर्शक जेल मिळते. टिकलीएवढा ठिपका लावायचा, तो वाळला की साध्या उजेडात दिसत नाही आणि ओल्या फडक्यानं दाबून पुसला की निघून जातो. एका संध्याकाळी ओपीडी उठल्यावर मी एका खोलीत असे वीस ठिपके लावले, कुठे लावले ते वहीत लिहिलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशीची सफाई होऊ दिली. मग दार लावून, दिवा बंद करून टॉर्च मारला.

टेबलाचा मधला भाग स्वच्छ. फरशी स्वच्छ. खिडकीची कड स्वच्छ, जिला दिवसभरात कुणी हातसुद्धा लावत नाही. आणि चमकत काय होतं? टेबलाची डोक्याकडची बाजू वरखाली करायची दांडी. उठताना पेशंट जिथे बोटं रुतवतो ती टेबलाची खालची कड. स्टुलाच्या बैठकीचा काठ. बीपीचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा. पडद्याची, हात लागतो त्या उंचीची किनार. नळाची मूठ, दिव्याचं बटण, माऊस. थोडक्यात, हात जिथे जिथे जातात, तिथे फडकं जात नव्हतं.

मावशींना बोलावून दाखवलं. त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला, टेबलाखाली वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, ही दांडी माझ्या यादीत कुठाय? यादीत 'टेबल' लिहिलंय. टेबल मी पुसलं."

यादी माझीच होती.

जेल वापरायची असेल तर एक पथ्य पाळा: ती कुणाला पकडायचा सापळा म्हणून वापरू नका. निकाल त्याच दिवशी पुसणाऱ्याला दाखवा, टॉर्च त्याच्याच हातात द्या. दुसऱ्या खेपेपासून मावशी स्वतःच खोलीतल्या अवघड जागा मला सुचवायला लागल्या.

लॅबला स्वॅब पाठवायचा मोह मात्र आवरा. साथ पसरल्याची शंका नसताना टेबलाचे आणि भिंतीचे स्वॅब घेऊन हाती फारसं काही लागत नाही. अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो, कुठले जंतू वाढले ते सांगतो, का राहिले ते सांगत नाही. एटीपी मीटर, म्हणजे पुसलेल्या जागेवर किती मळ उरला ते लगेच आकड्यात दाखवणारं यंत्र, जलद आहे, पण तो जिवंत जंतू मोजत नाही, सेंद्रिय मळ मोजतो. एका मीटरचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि पृष्ठभागावर क्लोरिन राहिलेलं असेल तर आकडा फसवतो. आरंभाला टॉर्च पुरतो.

मधल्या वस्तू, ज्या कुणाच्याच नव्हत्या

राहिलेल्या ठिपक्यांपैकी बरेचसे अशा वस्तूंवर होते ज्यांना मालकच नव्हता. कफ सफाईवाल्यांनी पुसायचा असं सिस्टरना वाटतं, सिस्टरनी पुसायचा असं सफाईवाल्यांना वाटतं. तारा असलेल्या प्रत्येक वस्तूचं असंच होतं. कधीकाळी कुणीतरी "मशीनला हात लावू नका" असं दरडावून सांगितलेलं असतं, आणि ती एक सूचना वर्षानुवर्षं इमानेइतबारे पाळली जाते.

म्हणून खोलीची यादी फाडून टाकली आणि वस्तूंची केली. 'टेबल' ऐवजी: टेबलाचं रेक्झिन, टेबलाच्या चारही कडा, दांडी, पायरी. प्रत्येकीपुढे एकच नाव. दोन नावं लिहिली की काम कुणाचंच नसतं.

यातला कळीचा निर्णय असा, की दोन पेशंटच्या मधलं पुसणं मावशींकडून काढून खोलीतल्या सिस्टरकडे दिलं. यावर कुरकुर झाली, कामाच्या वाटणीपासून मानापमानापर्यंत सगळं निघालं. पण सहा खोल्या सांभाळणारी बाई दर पेशंटनंतर प्रत्येक खोलीत कशी पोचणार? जो खोलीत हजर आहे त्यानंच टेबलाचा वरचा भाग, कडा, दांडी आणि कफ पुसायचे, आणि मग हात स्वच्छ करायचे. सवय लागली की मिनिटभराचं काम आहे. मावशींकडे सकाळची फेरी, मधली एक आणि शेवटची मोठी. त्यांच्यावरचा ताण कमी झाला आणि दांडीही पुसली जायला लागली.

दहा मिनिटांचं औषध, सात मिनिटांचा पेशंट

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. प्रत्येक जंतुनाशकाच्या बाटलीवर एक वेळ लिहिलेली असते: पृष्ठभाग इतकी मिनिटं ओला राहिला पाहिजे. आमच्या क्वाटच्या बाटलीवर दहा मिनिटं लिहिली होती, बारीक अक्षरात, मागच्या बाजूला. आमच्याकडे एका पेशंटला सरासरी सात मिनिटं मिळतात. म्हणजे नियम पाळायचा तर टेबलावर कुणी झोपूच शकत नव्हतं. नियम पाळला जात नव्हता हे उघडच आहे.

त्यात डोक्यावर पंखा. एकदा घड्याळ लावून बसले. फडकं फिरवल्यावर पंखा पूर्ण वेगात असताना टेबल दोन मिनिटांत कोरडं ठणठणीत. पंखा बंद करून, फडकं जरा जास्त ओलं घेतलं तर चार मिनिटं. दहा मिनिटं ओलं ठेवायचं तर मधे पुन्हा ओलं करावं लागत होतं. इतके महिने आम्ही औषधाला त्याचं काम करायला वेळच देत नव्हतो, आणि औषधाला बोल लावून बाटल्या बदलत होतो.

तुमच्याकडे हा प्रश्न आहे का ते बघायला पाच मिनिटं पुरतात. नेहमी पुसतात तसंच पुसायला सांगा, पंखा नेहमीसारखा चालू ठेवा, टेबल कोरडं व्हायला किती वेळ लागतो ते मोजा आणि बाटलीवरच्या वेळेशी ताडून बघा. कोरडं होण्याची वेळ कमी निघाली तर तीन वाटा आहेत. फडकं जास्त ओलं घ्या. खोलीचं वेळापत्रक सैल करा, जे कुणीच करणार नाही. नाहीतर पेशंटच्या मधे वापरायला कमी वेळात काम करणारं औषध निवडा. हायड्रोजन पेरॉक्साइडची सुधारित द्रावणं आणि काही तयार ओले वाइप्स एक ते तीन मिनिटांत काम करणारे मिळतात. कुठलं घ्यायचं ते लेबल वाचूनच ठरवा. आम्ही तिसरी वाट धरली, आणि लांब वेळाचं औषध संध्याकाळच्या फेरीला ठेवलं. तेव्हा खोली रिकामी असते, हवी तितकी ओली राहू दे.

७० टक्के अल्कोहोलनं सगळं टेबल पुसणारेही पाहिलेत. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, टॉर्च अशा लहान वस्तूंना अल्कोहोल उत्तम. पण मोठ्या पृष्ठभागावरून ते बघता बघता उडून जातं, पेट घेतं, आणि रेक्झिन व प्लास्टिक कडक करून चिरा पाडतं. सोनोग्राफीच्या प्रोबला, म्हणजे अंगावर फिरवतात त्या भागाला, तर उत्पादकाची परवानगी असल्याशिवाय लावूच नका.

बादलीत काय आहे?

सकाळी आठला कालवलेलं हायपो दुपारी दोन वाजता बादलीत असतं, पण त्यात हायपो कितपत उरलेलं असतं हा प्रश्न आहे. क्लोरिनची चाचणीपट्टी मिळते, द्रावणात बुडवायची आणि रंग पाहायचा. सकाळच्या पट्टीनं ठरल्याप्रमाणे रंग दाखवला. दुपारच्या पट्टीनं जवळजवळ काहीच दाखवलं नाही. कारण साधं आहे: मळ आणि सेंद्रिय घाण क्लोरिनला खाऊन टाकते. तेच फडकं पुन्हा पुन्हा त्याच बादलीत बुडवलं की प्रत्येक बुडीबरोबर बादलीतला मळ वाढतो आणि क्लोरिन घटतं. उरतं ते किंचित वास येणारं गढूळ पाणी.

दुसरी गडबड मापाची. आमच्याकडे 'एका लिटरला दोन झाकणं' असा तोंडी नियम चालत आलेला होता. तो कुठल्या बाटलीच्या झाकणाचा होता ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दरम्यान बाटली दोनदा बदलली होती. हिशेब एकदा समजून घेतला की तोंडी नियमाची गरज राहत नाही. बाटलीवरच्या टक्क्यांना हव्या असलेल्या टक्क्यांनी भागायचं आणि एक वजा करायचा. एक भाग औषधाला तितके भाग पाणी. बाटली ५ टक्क्यांची आणि द्रावण हवं ०.१ टक्क्याचं, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग), तर ५ भागिले ०.१ म्हणजे ५०, वजा १, ४९ भाग पाणी. म्हणजे २० मिलि औषध आणि ९८० मिलि पाणी. ०.५ टक्क्याचं, म्हणजे ५००० पीपीएम हवं असेल तर १०० मिलि औषध आणि ९०० मिलि पाणी. बाटली १० टक्क्यांची निघाली तर औषध निम्मं. मोजपात्र साखळीनं बांधून ठेवा, नाहीतर ते चहाच्या टेबलावर सापडेल.

द्रावण रोज ताजं करायचं, उरलेलं ओतून द्यायचं. मूळ बाटलीही ऊन आणि उकाड्यात ठेवली तर हळूहळू अशक्त होते, लेबल मात्र ५ टक्केच म्हणत राहतं. आमच्या बाटल्या पश्चिमेच्या खिडकीत ओळीनं मांडलेल्या होत्या. दिसायला छान दिसायच्या.

क्वाटची दुखणी वेगळी. साबण आणि क्वाट यांचं एकमेकांशी जमत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं पुसलं आणि नीट न धुता वर क्वाट फिरवलं तर साबण त्याला निकामी करतो. सुती फडकंही क्वाट स्वतःतच धरून ठेवतं, टेबलावर पोचतं ते पातळ झालेलं. मायक्रोफायबर हायपोत लवकर खराब होतं. म्हणजे औषध बदललं की फडकंही बदलावं लागतं. आम्ही तीन वेळा औषध बदललं आणि फडकं तेच, जुन्या चादरी फाडून केलेलं.

फवाऱ्याची बाटली अर्धी झाली की वरून भरायची, हीही एक वाईट सवय. जंतुनाशकात जंतू वाढत नाहीत हा गैरसमज आहे. पातळ केलेल्या क्वाटच्या बाटल्यांमध्ये स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. बाटली पूर्ण रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा आणि तारीख लिहा. सोनोग्राफी जेलच्या बाटलीलाही तेच, किंबहुना ती फेकून नवीन घेतलेली बरी; अशा दूषित जेलमधून बर्खोल्डेरिया या जंतूचा संसर्ग पसरल्याचे प्रकार झाले आहेत.

हायपोत दुसरं काहीही मिसळू नका हे इथेच लिहिते. संडास साफ करायच्या आम्लाबरोबर मिसळलं की क्लोरिन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन, तोही विषारी वायूच. "दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ" हे वाक्य मी स्वतःच्या कानानं ऐकलंय.

फडकं आणि हातमोजे

एकच फडकं पहिल्या खोलीपासून सहाव्या खोलीपर्यंत जात असेल तर पहिल्या खोलीतला मळ सहावीत पोचवायची ती बिनचूक व्यवस्था आहे. आता खोलीगणिक वेगळी फडकी, आणि बेसिनचं फडकं वेगळ्या रंगाचं. फडक्याची घडी दोनदा घातली की दोन्ही बाजू धरून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू मळली की उलटायची, आठही संपल्या की फडकं धुवायच्या पिशवीत. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही, हा एक नियम पाळला तरी बादलीचा अर्धा प्रश्न सुटतो.

हातमोज्यांचं असं, की ते घालणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि त्याच मोज्यांनी पुढच्या खोलीचं दार उघडलं जातं. जेलचा एक ठिपका पहिल्या खोलीच्या बेसिनवर ओलाच ठेवून पाहा. नंतर तो कुठल्या कुठल्या मुठींवर चमकतो ते बघितल्यावर कुणाला व्याख्यान द्यावं लागत नाही.

पुसायचा क्रम: वरून खाली, आणि स्वच्छ जागेकडून मळक्या जागेकडे. बेसिन शेवटी, फरशी त्याच्याही नंतर. कोरडा झाडू खोलीत आणू नका. खाली बसलेली धूळ उडून नुकत्याच पुसलेल्या टेबलावर येऊन बसते.

चिकटपणा आणि वास

डॉक्टरांचा हात चिकटत होता तो घाणीमुळे नव्हे, तर आमच्या सफाईमुळे. रोज थोडा साबण, थोडं औषध, वरून न धुणं. महिन्याभरात रेक्झिनवर एक पापुद्रा तयार होतो आणि धूळ त्यात अडकते. तपासायला पांढरं फडकं साध्या कोमट पाण्यात भिजवून जोरात घासा. फेस आला किंवा फडकं राखाडी झालं की समजा. आम्ही दोन दिवस नुसत्या पाण्यानं घासून तो पापुद्रा काढला, आणि आता आठवड्यातून एकदा साध्या पाण्याचा हात होतो. हायपो वापरल्यावरही ठरलेली वेळ झाली की पाण्यानं पुसून घ्या, नाहीतर रेक्झिन तडकतं आणि लोखंडी पायांना गंज चढतो.

रेक्झिन फाटलं असेल तर खरं तर सगळं इथेच थांबतं. चिरेतून आत गेलेला ओलावा फोममध्ये बसतो, तिथे फडकं पोचत नाही आणि वास येत राहतो. चिकटपट्टी लावून भागत नाही, तिच्या कडेला काळी रेघ जमते. रेक्झिन बदलून घ्या. पडद्यापाशी नाक मुरडणाऱ्या बाईंचा वास आम्हाला अशाच एका चिरेत सापडला. दुसऱ्या खोलीतला वास मात्र पोछ्याचा होता: ओला पोछा रात्रभर बादलीतच उभा. आता तो धुऊन, पिळून, डोकं वर करून टांगतात. आणि एक बेसिन होतं जे कुणी वापरतच नव्हतं. त्याच्या खालच्या वाकड्या नळीतलं पाणी आटून गटाराचा वास वर येत होता. रोज नळ सोडला, वास गेला.

मग फेऱ्या कशा ठरवाव्यात

घड्याळाकडे बघून फेऱ्या ठरवणं हीच आमची मुळातली चूक होती. त्याऐवजी प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारा. इथे किती हात लागतात? इथे रक्त, पू, थुंकी, लघवी येण्याची शक्यता किती? इथे झोपणारा माणूस किती नाजूक आहे? तिन्हीची उत्तरं जास्त आली तर ती जागा प्रत्येक पेशंटनंतर. हात भरपूर पण बाकी काही नाही, जसं दाराची मूठ, बटण, नळ, खुर्चीचे हात, तर दिवसातून दोन-तीनदा. फरशी, स्टुलाचे पाय, बेसिनचा खालचा भाग दिवसाच्या शेवटी. कपाटाचा माथा, पंख्याची पाती, भिंती आठवड्यानं किंवा पंधरवड्यानं. पडदा डाग दिसला की लगेच, एरवी ठरलेल्या तारखेला उतरवायचा.

फरशीबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. आमचं निम्म्याहून जास्त हायपो फरशीवर जात होतं. साध्या तपासणी खोलीच्या फरशीला कुणी हात लावत नाही; तिला साबणाचं पाणी आणि स्वच्छ पोछा पुरतो. वाचलेलं औषध आणि वाचलेला वेळ हात लागणाऱ्या जागांना दिला. फरशी कमी चकाकते अशी एक तक्रार आली, ती मी ऐकून घेतली.

खोलीत ड्रेसिंग होत असेल, टाके काढत असतील किंवा अंतर्गत तपासणी होत असेल, तर तिला तपासणी खोली म्हणू नका. तिला प्रोसिजरच्या खोलीचे नियम लावा, प्रत्येक पेशंटनंतर सगळं. आमच्या चार नंबरच्या खोलीत 'अधूनमधून' ड्रेसिंग व्हायचं. मोजलं तर रोज होत होतं.

नेहमीच्या फेरीत न बसणारे प्रसंग

रक्त सांडलं तर आधी मोजे, मग टिपकागद किंवा कापडानं ते उचलायचं, जागा साबणाच्या पाण्यानं धुवायची, आणि मग ०.५ टक्के हायपो. रक्तावर थेट ओतून मोकळं व्हायचं नाही, रक्तच क्लोरिन खाऊन टाकतं. लघवीवर हायपो थेट तर कधीच ओतू नका, त्रासदायक वायू सुटतो. आधी टिपून घ्या.

जुलाबाच्या पेशंटनंतर क्वाट आणि अल्कोहोलवर भिस्त ठेवू नका. क्लोस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली रूपं, दोघांनाही दाद देत नाहीत, उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरसही चिवट आहे. तिथे क्लोरिनच हवं, आणि हात साबण-पाण्यानंच धुवायचे, सॅनिटायझरनं नाही.

गोवर किंवा क्षयाची शंका असलेला पेशंट येऊन गेला तर टेबल पुसून हवा स्वच्छ होत नाही. गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो. खोलीतली हवा तासाला बारा वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला साधारण २३ मिनिटं लागतात, सहा वेळा बदलत असेल तर ४६. किती वेळा बदलते ते माहीत नसेल तर खिडक्या उघडून, दार लावून खोली दोन तास रिकामी ठेवा.

धुराळणीचं यंत्र आणि अतिनील दिवे विकायला येणाऱ्यांना मी चहा देते आणि परत पाठवते. धुरानं मळ निघत नाही, आणि अतिनील प्रकाश सावलीत पोचत नाही. आमची दांडी कायम सावलीत असते.

पुन्हा मोजणी

दर महिन्याला एक खोली, वीस ठिपके, त्यातले निम्मे नव्या जागी. पहिल्यांदा अकरा राहिले होते. गेल्या खेपेला तीन राहिले: कीबोर्ड, माऊस आणि डॉक्टरांचा स्वतःचा टॉर्च. टेबलाची दांडी गेले चार महिने काळोखात काळीच दिसते, म्हणजे स्वच्छ. कीबोर्डला धुता येणारं प्लास्टिकचं आवरण मागवलंय. यादीत त्या तीन वस्तूंपुढचा नावाचा रकाना मात्र अजून कोरा आहे. येत्या मंगळवारी डॉक्टरांची बैठक आहे, टॉर्च बरोबर नेणार आहे.